तिथी आणि टार्गेट

आमच्या कंपनीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि तीन-तीन महिन्यांचे चार तुकडे झाले की संपतं. मोऱ्याचं वर्ष असं कापता येत नाही. नारळी पौर्णिमा, गोपाळकाला, गणपती, नवरात्र, कोजागिरीपासूनचा काकडा, तुळशीचं लग्न लागलं की हळदी, मग शिमगा, चैत्रात एकवीरेची पालखी आणि पुन्हा हळदी, थेट पाऊस पडेपर्यंत. यातल्या प्रत्येकाला काही ना काही वाजवायला लागतं. म्हणजे ते विकत घ्यावं लागतं, भाड्याने आणावं लागतं, नाहीतर माळ्यावरून काढून दुरुस्त करून घ्यावं लागतं. देशभर शाखा असलेल्या एका वाद्यांच्या दुकानात, दक्षिण मुंबईत, मी सर्व्हिसच्या काउंटरवर बसते आणि राहते मोऱ्याला. त्यामुळे ही दोन्ही वर्षं माझ्या अंगावरून जातात.

मोरा म्हणजे उरणचं बंदर. समोर घारापुरी, पलीकडे मुंबई. भाऊच्या धक्क्याहून लाँचने साधारण तासाभराचं अंतर. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, तेव्हा दुकानातल्या सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सुटलीस एकदाची, म्हणाले. लोकलने मी जातेही कधी कधी. पण धक्का घरापासून पायी गाठता येतो, आणि लोकलसाठी आधी उरण स्टेशन गाठा, मग नेरूळ नाहीतर बेलापूरला गाडी बदला, मग हार्बरने सीएसएमटी. शिवाय पेटी मांडीवर घेऊन बसायला लाँचइतकी ऐसपैस जागा हार्बरवर मिळायची नाही.

लाँचचं वेळापत्रक धक्क्यावर लावलेलं आहे. ते पंचांग जवळ ठेवून वाचायचं असतं. आमच्याकडे पोरासोरांनाही येणारं एक गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि तीही उधाणाची. त्या दिवशी पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचलेला, त्यामुळे नेमक्या चाकरमान्यांच्या परतीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही. मग भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या वासात बसून राहायचं. ऑफिसात दर महिन्याला मी दोन-तीन दिवस लवकर निघण्याची परवानगी मागते, आणि फॉर्मवरच्या कारणाच्या रकान्यात ‘ओहोटी’ लिहिते. तो फॉर्म दुसऱ्या राज्यातल्या ज्या कोणाकडे जातो, त्याचं माझ्याबद्दल काय मत असेल कोण जाणे.

कंपनीच्या माहितीपत्रकात आमच्या सेवांची लांबलचक यादी आहे. हप्त्यांवर खरेदी, घरपोच डिलिव्हरी, पियानोचं ट्यूनिंग, शाळांसाठी वार्षिक देखभाल, भाड्याने वाद्यं, जुनं देऊन नवं घ्या. यादी खोटी नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी माझ्या लहानपणी उरणमधल्या कुणाला ठाऊकही नव्हत्या. हप्त्यांवर कीबोर्ड मिळतो म्हणून आज कितीतरी कोळ्या-आगऱ्यांच्या घरांत मुलं तो शिकतायत, हे मी डोळ्यांनी बघते. मला बोलायचंय ते यादीबद्दल नाही, यादीतल्या सेवा कधी लागतात त्याबद्दल. वाद्याला त्याची वेळ असते, ती वेळ गेली की सेवा फुकट. काकड्याला लागणारी पेटी काकडा संपल्यावर मोफत दुरुस्त करून दिली तरी त्या बुवांना तिचा काय उपयोग?

पेटीवरून आठवलं. समुद्राकाठच्या गावात पेटी बिघडते ती वाजवून नव्हे, ठेवून. वरचं झाकण काढलं आणि पट्ट्यांची चौकट उचलली की खाली सुरांची रांग दिसते. प्रत्येक सूर म्हणजे एक पितळी चकती, तिला मधे फट, आणि फटीवर एका टोकाला ठोकून बसवलेली पितळेचीच बारीक जीभ. भात्याची हवा आली की जीभ थरथरते. आपल्याकडचे बरेचसे सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात. जुन्या पेट्यांत जर्मन आणि पॅरिसचे सूरही सापडतात, आणि ज्याच्याकडे असे सूर आहेत तो ते मरेपर्यंत बदलू देत नाही. जिभेच्या टोकाकडे कानस लावली की सूर चढतो, मुळाकडे लावली की उतरतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळा हात.

पण खाऱ्या हवेत पितळ कळकतं. हिरवट भुकटी धरते. ती जिभेच्या टोकाला बसली की जीभ जड होते आणि सूर खाली बसतो. नवशिका माणूस ऐकतो, सूर उतरलाय म्हणतो आणि टोकाला कानस लावून तो चढवतो. त्या दिवशी पेटी सुरात लागते. पुढे वाजता वाजता भुकटी झडते आणि तोच सूर चढा बोलायला लागतो. म्हणून आमच्याकडच्या पेटीला कानस शेवटी. आधी पातळ पातं जिभेखाली सरकवून तिला आधार द्यायचा, मऊ ब्रशने भुकटी काढायची, फटीत काही अडकलंय का ते उजेडासमोर धरून बघायचं, मग पुन्हा चौकटीत घालून ऐकायचं. दहातल्या सात-आठ सुरांना कानस लागतच नाही. हे मला काळबादेवीच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. आमच्या दुकानातून त्यांच्याकडे काम जायचं आणि ते पोचवायला मी जायचे. बाईमाणसाच्या हातात त्यांनी कानस दिली नव्हती कधी. मला दिली, तीही वैतागून, की रोज उभी राहतेस त्यापेक्षा बस आणि कर.

कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेत याला एकच ओळ आहे: गंज वॉरंटीत येत नाही. आता मोऱ्यात गंजाशिवाय दुसरं काय होणार? आमच्याच गल्लीतल्या एका बुवांची पेटी घेऊन मी गेले, कोजागिरीच्या आधीची गोष्ट. सिस्टिमने दावा नाकारला, कारण ‘ग्राहकाकडून देखभालीत कसूर’. संध्याकाळी मी त्यांना तसं सांगितलं. बुवा रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, यो खारा वारा काय मिनी सोरलाय?” मी काय बोलणार? पेटी घरीच उघडली, जेवणं झाल्यावर ओट्यावर घेऊन बसले, आणि काकड्याला ती वाजली.

वॉरंटीची आणखी एक गंमत. आमच्याकडे मिरजेहून तंबोरे आणि सतारी येतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे, त्यावर मिरजेतल्या शिकलगारांच्या पिढ्यांचा हात. ज्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावायचे, ते लोक एकोणिसाव्या शतकात या कामात आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तर या तंबोऱ्याला आमच्या सिस्टिममध्ये वॉरंटी नाही, कारण त्याला सिरियल नंबर नाही. आणि कारखान्यातून थप्पीने निघालेल्या गिटारला वर्षाची वॉरंटी आहे, कारण तिला आहे. तंबोरा करणाऱ्या माणसाचा फोन नंबर माझ्याकडे असतो. तो फोन उचलतोही. पण सिस्टिममध्ये तसा रकाना नाही.

रकान्यांचं हे असंच. उरणच्या बाजूला बायकांची भजनी मंडळं पुष्कळ झाली आहेत. श्रावणात दुपारी कुठल्याही पाड्यावर जा, पखवाज-पेटीचा आवाज येतोच. अशाच एका मंडळाच्या चौघीजणी गणपतीआधी माझ्याबरोबर लाँचने दुकानात आल्या, वर्गणीचे पैसे रुमालात बांधून. त्यांना तबला हवा होता. काउंटरवरच्या नव्या मुलाने विचारलं, कुठली रेंज दाखवू, आणि संगणकावर फोटो काढले. खोडाचं लाकूड, डग्ग्याचं पितळ की तांबं, वजन, किंमत, बरोबर काय काय येतं, सगळं होतं. त्यांच्यातली पेटी वाजवणारी मावशी म्हणाली, “काळी चारचा दाखव.” मुलाला वाटलं काळ्या रंगाचा. त्याचा दोष नाही. तो गिटारवाला, त्याच्या जगात काळी चार नाही. पण लाखो रुपये खर्चून केलेल्या त्या यादीतही तबला कुठल्या स्वराचा, हे लिहायला जागा नव्हती. पुरुषांचा आवाज काळी एक-दोनला असेल तर बायकांचा काळी चार-पाचला जातो, आणि मोठ्या तोंडाचा तबला तिथपर्यंत चढवायला गेलात तर शाई तरी तडकते नाहीतर वादी तरी तुटते. त्यासाठी लहान तोंडाचा तबला लागतो. मी आत जाऊन तोंडं मोजून तीन खोडं बाहेर आणली, हातोडीने गठ्ठे ठोकून एक-एक वर घेतलं, आणि मावशीने आपल्याच आवाजात षड्ज लावून बघितला. दुकानातले बाकीचे गिऱ्हाईक थांबून ऐकत होते. तिसरं खोड जुळलं. मग त्यांनी किंमत विचारली, आणि मग त्या घासाघीस करायला लागल्या तेव्हा मुलगा म्हणाला की इथे फिक्स रेट असतो. त्या हसल्या. मासळी विकणाऱ्या बायकांना फिक्स रेट सांगणारा तो पहिलाच असावा. शेवटी हातोडी आणि गाद्या फुकट मिळाल्या.

यादीत पुढे एक रकाना जोडला गेला, हे सांगायला पाहिजे. मी ईमेल लिहिला, कुणीतरी वाचला, आणि आता तबल्याच्या नोंदीत तोंडाचं माप इंचात असतं. स्वर अजून नाही, पण माप तर आहे.

आमच्या धंद्यातलं एक फार जुनं दुकान आमचं नव्हे. धोबीतलावचं फुर्टाडोज १८६५ सालचं. धार्मिक वस्तू आणि वाद्यं विकत सुरू झालेलं, नंतर गोम्स कुटुंबाकडे आलेलं, आज देशभर पसरलेलं. त्या परिसरात गोव्याच्या गावागावांच्या कुडी होत्या. बोटीने मुंबईत उतरलेला गोवेकर वादक आधी आपल्या गावाच्या कुडीत पथारी टाकायचा, मग काम शोधायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्या काळातली गोव्याहून आलेली मंडळी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा म्हणजे हेच लोक. मला या इतिहासातली एकच गोष्ट फार आवडते, की दुकान वस्तीजवळ निघालं. वादक जिथे राहतात तिथे दुकान. व्हायोलिनची तार रात्री तुटली तर सकाळच्या रेकॉर्डिंगच्या आधी जिन्याखाली उतरून ती घेता आली पाहिजे. दुकानसाखळी झाली की दुकान मॉलजवळ निघतं, पार्किंगजवळ निघतं. वादक मग तिथवर येतो.

किंवा येत नाही, ऑनलाइन मागवतो. यातही मोऱ्याची वेगळीच कथा. उरणचा पिनकोड ४००७०२. म्हणजे सुरुवात ४०० ने, मुंबईसारखीच. संगणकाला वाटतं हे सगळं एकच शहर, तेव्हा तो बिनदिक्कत सांगतो, उद्या संध्याकाळपर्यंत घरपोच, मोफत. मधे समुद्र आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. सेतू होण्याआधी डिलिव्हरीची गाडी खाडीला वळसा घालून वाशी, बेलापूर, जेएनपीटीच्या कंटेनरांच्या रांगा असं करत यायची, आणि ‘उद्या’चे तीन दिवस व्हायचे. सेतूने वळसा वाचवला, पण त्याचा टोल मोफत डिलिव्हरीत बसत नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्या अजूनही वळशानेच येतात. हळद आज असेल आणि ऑक्टापॅड परवा आला, तर तो परत घेण्याची सोय आमच्याकडे आहे: सात दिवसांत, प्रश्न न विचारता. प्रश्न गिऱ्हाईकालाच असतात.

ऑक्टापॅडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या भागातल्या हळदीचा खरा यजमान तोच. रबराचे आठ चौकोन, दोन काठ्या, आणि आत ढोलकीपासून संबळापर्यंत काय पाहिजे तो आवाज. रोलँड कंपनीचा एसपीडी-२० हा जुना पॅड नव्वदच्या दशकाच्या शेवटी आला आणि जगात इतरत्र लोकांनी तो सोडला तरी आपल्याकडच्या बेंजो पार्ट्यांनी आणि ऑर्केस्ट्रांनी सोडला नाही. त्यात स्वतः जमवलेले ९९ पॅच साठवता येतात. वाजवणारा पोरगा वर्षानुवर्षं खपून एकेक पॅच बांधतो. कुठल्या चौकोनावर टिमकी, कुठल्यावर घुंगरू, ढोलकीचा कोणता बोल किती उंच. दोन पार्ट्यांच्या पॅडचा डबा एकच असतो. पार्टीचं नाव होतं ते या पॅचमुळे.

हा पॅड बिघडतो दोन कारणांनी. एक, घामाने आणि खाऱ्या हवेने रबर टणक होतं, मग एका चौकोनावर मारलं की शेजारचाही वाजतो. दुसरं, हळदीच्या मांडवातला जनरेटर. एकाच जनरेटरवर डीजेचे स्पीकर, हॅलोजन, कॅटरिंगवाल्याचा मिक्सर आणि हा बिचारा पॅड. मध्येच दाब उसळतो आणि अडॅप्टर जातो. कधी अडॅप्टरच्या पुढचंही जातं. अशा वेळी तो सर्व्हिस सेंटरला पाठवायचा, तर तिथली पद्धत अशी की दुरुस्तीनंतर पॅड कारखान्यातून आला त्या अवस्थेला नेऊन तपासायचा. म्हणजे ९९ पॅच साफ. फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की साठवलेल्या माहितीची जबाबदारी आमची नाही.

करंजाच्या बाजूचा एक पोरगा पॅड घेऊन आला होता, एप्रिलमध्ये, हळदींच्या ऐन गर्दीत. फॉर्म वाचला, पेन ठेवलं आणि म्हणाला, “ताई, यो नाय पाठवायचा.” पॅड बंद पडला तर चालेल, पण कोरा होऊन परत आला तर त्याचं सगळंच गेलं. खरं तर पॅड सुरू होत असेल तर उपाय साधा आहे. मिडी केबल लावून सगळे पॅच संगणकात उतरवून घ्यायचे, दुरुस्ती झाली की परत चढवायचे. दहा मिनिटांचं काम. पण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. सर्व्हिस सेंटर म्हणे विक्री शाखेचं, विक्री शाखा म्हणे गिऱ्हाईकाचं. आता आमच्या काउंटरवर पॅड आला की आधी मी केबल लावते. फाइलला पार्टीचं नाव देते. उरण, अलिबाग, पनवेल, पेण, कुठल्या कुठल्या पार्ट्यांचे आवाज माझ्या संगणकात आहेत, आणि एकाचे दुसऱ्याला द्यायचे नाहीत हा माझा नियम. दोनदा पैसे घेऊन मागणारेही आले. नाही म्हणून सांगितलं. नाहीतर हळदीला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

बेंजोवाल्यांचा प्रश्न निराळाच. आपला बेंजो हा मूळचा जपानी. नागोयातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरच्या कळांवरून सुचून ताइशोगोतो केला, तो फिरत फिरत इकडे येऊन बुलबुल तरंग झाला आणि पुढे वीज लावून आमच्या मिरवणुकीचा राजा झाला. आमचं दुकान बेंजो विकत नाही. चांगला बेंजो स्थानिक कारागीरच बनवतो. पण बेंजोला गिटारच्या सगळ्यात बारीक तारेसारखी तार लागते, आणि खाऱ्या हवेत ती आठवड्यात गंजते. बेंजोवाला येतो तो एकाच मापाच्या डझनभर तारा मागतो. आमच्याकडे तारा सहाच्या संचात येतात. एका तारेसाठी पाच वाया. जीएसटी आला तेव्हा हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना कर माफ झाला, त्यांची यादी निघाली, आणि त्या यादीत अगदी वरच बुलबुल तरंगाचं नाव होतं. मी ती छापून बेंजोवाल्यांना दाखवली. सगळे खूश. मग एकाने विचारलं, “तारेवर?” तारेवर कर आहे. सुट्या तारा आता मी वेगळ्या मागवते. दर वेळी खरेदी विभाग विचारतो की मुंबईच्या एका शाखेत पहिलीच तार एवढी का तुटते, मुलं फार जोरात वाजवतात का.

आता टार्गेटकडे येते. २०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला होते. म्हणजे भजनी मंडळांची, ढोल-ताशावाल्यांची, घरोघरच्या आरतीच्या टाळ-झांजांची सगळी खरेदी ऑगस्टात. पुड्या बदलून घेणं, पखवाजाला नवी वादी, पेट्यांची साफसफाई, सगळं ऑगस्टात. आमच्या शाखेचा तो महिना झळकला, केकसुद्धा कापला. २०२३ साली श्रावण अधिक आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक मास, त्यामागून निज श्रावण, आणि गणपती गेले १९ सप्टेंबरवर. ऑगस्टात कोण कशाला पुडी बदलून घेईल? पावसात आत्ता चढवलेली पुडी महिन्याभरात सादळून ढिली पडते. सगळे थांबले. १ सप्टेंबरला आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, परराज्यातून, “ऑगस्ट क्यों गिरा?” सोबत एक तक्ता, लाल रंगात. ऑगस्टची ऑगस्टशी तुलना.

मी सांगितलं, अधिक मास होता. पलीकडे शांतता. मग ते म्हणाले की असं कारण आम्हाला पुढे पाठवता येत नाही, काहीतरी कारण द्या जे सगळीकडे लागू होईल. मॅनेजरांनी पावसाचं दिलं. पाऊस सगळीकडे असतो. ते मान्य झालं. मग सप्टेंबर उसळला आणि आम्हाला शाबासकीचं पत्र आलं, की घसरणीनंतर शाखेने जिद्दीने भरारी घेतली. जिद्द वगैरे काही नव्हती. चतुर्थी आली होती.

सगळा दोष कंपनीचाही नाही म्हणता येत. केरळात ओणम, बंगालात दुर्गापूजा, गोव्यात नाताळ, प्रत्येक शाखेचं असं काहीतरी असणार, आणि वर बसलेल्या माणसाला सगळ्यांसाठी एकच तक्ता लागतो. त्याचा नाइलाज मला कळतो. पण तक्त्यावरून माल ठरतो, आणि तिथे घोळ होतो. ऑगस्ट पडला म्हणून सप्टेंबरचा माल कमी पाठवला गेला, आणि ऐन गणपतीत आमच्याकडे पखवाजाच्या पुड्या नव्हत्या. पखवाज काही थांबत नाही. लोक दादरला गेले, पुण्याला गेले. काहींनी नटबोल्टचा पखवाज घेतला, ज्याचा आवाज त्यांना स्वतःलाच आवडत नाही. एका मंडळाचा पखवाज मी संध्याकाळी लाँचवरून घरी नेला, डाव्या बाजूला ताजी कणीक लावून बघितली, सकाळी उजवी पुडी उन्हात अर्धा तास धरली आणि काम भागवलं. हे दुकानाचं बिल होऊ शकत नाही. मंडळाने नारळ आणि करंज्या पाठवल्या.

तेव्हापासून काउंटरच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवते, वर्षाच्या सुरुवातीलाच. एका बाजूला इंग्रजी महिने, समोर तिथ्या. पितृपक्षात कोणी काही घेत नाही, त्या पंधरवड्यात पॅड उघडून रबरं बदलायची. आषाढीच्या आधी टाळ आणि वीणेच्या तारा. चैत्र शुद्ध सप्तमीच्या आधी अडॅप्टर, कारण एकवीरेच्या पालखीला कार्ल्याचा डोंगर चढताना पार्टीजवळ जास्तीचा अडॅप्टर असायलाच हवा, तिथे दुकान नाही. त्याच कागदाच्या कोपऱ्यात पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोट्या, त्या माझ्यासाठी. काउंटरवरचा तो गिटारवाला मुलगाही आता सुट्टी टाकताना तो कागद बघतो.

यंदा, २०२६ ला, ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे एरवी जूनपर्यंत रेंगाळणाऱ्या हळदी मेच्या मध्यापर्यंत उरकतील, आणि एप्रिलमध्ये एका पार्टीला एका रात्री दोन-दोन सुपाऱ्या येतील. पॅडची रबरं, अडॅप्टर, बारीक तारा मी मार्चअखेरीलाच मागवल्या. मार्चअखेरीला माल मागवायचा नसतो, खपवायचा असतो, त्यामुळे दोनदा मागणी परत आली. तिसऱ्या वेळी मॅनेजरांनी सही केली. गणपती यंदा १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते. म्हणजे ऑगस्ट पुन्हा पडणार. तसं मी आत्ताच लेखी कळवलं, दोन्ही वर्षांच्या तारखा टाकून. आभाराचं उत्तर आलं, आणि त्याखाली ऑगस्टचं टार्गेट, गेल्या ऑगस्टवर दहा टक्के वाढवून. मिरजेच्या आणि काळबादेवीच्या कारागिरांना पुड्या आणि वादी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी सांगून ठेवली आहे. त्यांना कारण द्यावं लागलं नाही.